काकांनी भाजलेली बरगडी

माझ्या वडिलांचं गणित उत्तम होतं, पण अंदाज हमखास चुकायचे. त्यांच्या धाकट्या भावाने, म्हणजे माझ्या काकांनी, अमेरिकेतून एकदा एक फोटो पाठवला. काळा कोट घालून ते एका मोठ्या हॉटेलच्या लाकडी दारात उभे होते. एवढ्यावरून वडिलांनी काका तिथले मॅनेजर असल्याचं ठरवून टाकलं. पत्रांत तसं कुठेही नव्हतं. पत्रांत 'हॉटेलातली नोकरी बरी आहे, मालक चांगला आहे' एवढंच असायचं. पण वडिलांनी ते शाळेत सांगितलं, गल्लीत सांगितलं, आत्याच्या सासरी सांगितलं. एकदा तोंडातून गेलेली गोष्ट मागे घ्यायची त्यांना सवय नव्हती.

हे सांगायची त्यांना एवढी घाई का, ते आधी सांगते. आम्ही खाटीक. कोल्हापुरात आजोबांचं मटणाचं दुकान होतं. वडील आणि काका शाळेतून आले की दप्तर कोपऱ्यात टाकून दुकानात उभे राहायचे. वर्गात वडिलांना नावाने फारसं कुणी हाक मारली नाही, 'ए खाटका' हीच हाक. मॅट्रिकला ते शाळेत पहिले आले, तेव्हा पेढा खाता खाता एका शेजाऱ्याने 'खाटकाचं पोर असून' हे तीन शब्द जोडलेच. ते त्यांच्या मनात कायमचे रुतले. मास्तरकीची नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी सुरी खाली ठेवली, ती पुन्हा उचलली नाही. आजोबांच्या मागे दुकान चुलत भावाकडे गेलं.

घरात मटण यायचं, दर रविवारी यायचं, पण ते आई आणायची आणि तुकडे करूनच आणायची. वडील त्या दुकानावरून जावं लागू नये म्हणून वळसा घालून शाळेला जात. बोलणंही त्यांनी बदलून टाकलं होतं. माझ्या तोंडून चुकून 'न्हाय' निघालं की ते पुस्तकातून मान वर करत आणि मी मुकाट्याने 'नाही' म्हणत असे. मला त्यांचा राग यायचा. आजोळी गेलं की मी मुद्दाम आठ दिवस नुसतं हाय-न्हाय करून यायचे.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात काका एकोणीस वर्षांनी घरी आले. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. माझ्या डोळ्यांपुढे फोटोतला कोटवाला माणूस. आला तो बुटका, टक्कल पडलेला, मोठ्याने हसणारा आणि माझ्या आजोळच्या माणसांपेक्षाही रांगडं बोलणारा. एकोणीस वर्षं त्यांनी कोल्हापूर सोडताना तोंडात होती तीच भाषा जपून ठेवली होती. पहिल्याच संध्याकाळी चहा पिता पिता त्यांनी वडिलांच्या मॅनेजरचा निकाल लावला.

"दादा, पोरगी मला आत्ता इचारत हुती, मॅनेजर म्हंजे काय काय करावं लागतं. मी मॅनेजर न्हाय. मी मांस कापतो."

वडिलांनी कप खाली ठेवला. "म्हणजे?"

"पयली तीन वर्षं भांडी घासली. मग सोळा वर्षं ह्येच. गिऱ्हाइकाच्या टेबलापाशी गाडी ढकलत न्यायची, झाकण उघडायचं, ज्येला जेवढं पायजे तेवढं कापून ताटात घालायचं."

"सुरीने?"

"मग काय पट्टीनं?"

मला हसू आलं. वडील हसले नाहीत. ते चहावर धरणाऱ्या सायीकडे बघत होते. मग म्हणाले, "एवढ्या लांब गेलास आणि शेवटी सुरीच धरलीस." तिथे कसलं मांस कापतात, हे त्यांनी विचारलं नाही. ते आम्हा सगळ्यांनाच उमगलं होतं. ज्याच्या उत्तराने एका पंगतीला बसणं अवघड होईल असा प्रश्न विचारायचा नाही, एवढं शहाणपण आमच्या घरात होतं.

"इथे कुणाला सांगू नकोस," वडील शेवटी म्हणाले. "आमच्या हेडसरांना मी तू मॅनेजर म्हणून सांगितलंय. त्यांना पुढच्या रविवारी तुला भेटायला जेवायला बोलावलंय."

काकांचा चेहरा उतरला. एकोणीस वर्षांनी आपण काय केलं ते सांगायला माणूस घरी यावा आणि भावाने ते झाकून ठेवायला सांगावं. पण ते भांडले नाहीत. "बरं," म्हणाले. "न्हाय सांगत. पर त्या दिवशी सैपाक माझा. तू एकदा माझ्या हातचं खा. मी तिथं काय करतो त्ये बघ. मग काय म्हणायचं त्ये म्हण." वडिलांनी मान हलवली. ती होकाराची होती की चहा संपल्याची, हे मला कळलं नाही. काकांनी ती होकाराची धरली.

मग आठवडाभर ते मला त्या हॉटेलबद्दल सांगत होते, आणि मी विचारत होते. पुढे दोन हजार सहा साली नवऱ्याच्या नोकरीमुळे मी वर्षभर अमेरिकेत होते, तेव्हा काकांनी मला तिथे नेलंच. त्यामुळे आता त्यांनी सांगितलेलं किती आणि मी पाहिलेलं किती, हे मला वेगळं करता येत नाही. आत शिरलं की अंधूक उजेड, गडद लाकडाच्या भिंती, लाल चामड्याच्या खोल बैठका. लोक कपडे करून आलेले. कुणाचा वाढदिवस, कुणाच्या लग्नाला चाळीस वर्षं झालेली, कुणी म्हाताऱ्या आईला हाताला धरून आणलेलं. खाणाऱ्याला निवडायला फारसं काही नसतंच. जनावराच्या बरगडीचा अख्खा भाग नुसतं मीठ लावून तासन् तास मंद आचेवर भाजलेला असतो. तो चकचकीत झाकणाच्या गाडीतून तुमच्यापाशी येतो. पांढरा कोट आणि उंच टोपी घातलेला माणूस झाकण उघडतो, वाफ वर जाते आणि बोलणारे गप्प होतात. तो विचारतो, जाड की पातळ, आत किती लाल. आणि मग कापतो. सोबत कुस्करलेला बटाटा, सायीतला पालक, नाकात जाऊन डोळ्यांत पाणी आणणारी एका मुळाची पांढरी चटणी, आणि वाटीत त्याच मांसाचा सुटलेला पातळ रस. मी तो रस वाटी तोंडाला लावून प्यायले आणि आणखी मागितला. काका तोंडावर रुमाल धरून हसत होते. तिथे तो पाहिजे तेवढा मिळत नसतो, हे मला कुठे ठाऊक. आमच्याकडे रस्सा मोजून वाढणाऱ्याला लोक नावं ठेवतात.

त्या दिवशी मी तिथे नेमकं काय खाल्लं ते मात्र लिहीत नाही. आई अजून वाचते.

मला आठवतो तो काकांचा चेहरा. ते तोवर निवृत्त झालेले, तरी सगळे कापणारे एकेक करून टेबलापाशी येऊन त्यांचा हात हातात घेऊन गेले. एक तरुण बाई आपल्या नवऱ्याला घेऊन आली. ती लहान असल्यापासून दर वाढदिवसाला काकांनीच तिला कापून वाढलं होतं. आमच्या गल्लीत ज्या कामाला वडील लाजत होते, त्या कामासाठी लोक तिथे काकांबरोबर फोटो काढून घेत होते. मला वडिलांची फार आठवण आली.

पण मी सत्त्याण्णवच्या रविवाराबद्दल सांगत होते. शनिवारी काका मला घेऊन आजोबांच्या जुन्या दुकानात गेले. त्यांनी चुलत भावाकडे बोकडाची चापाची बाजू मागितली, म्हणजे पाठीला धरून सगळ्या बरगड्या, दोन्हीकडच्या, आणि वर एकही घाव न घालता. चुलत काका त्यांच्याकडे बघतच राहिले. सबंध आयुष्यात कुणी त्यांच्याकडे न तोडलेलं मटण मागितलं नव्हतं. "अख्खं न्हिऊन काय करणार? टांगून ठिवणार?" त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "भाजणार." आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आमच्या हॉटेलात ह्याच्याएवढा तर एका माणसाचा घास असतोय."

घरात भट्टी नव्हती. दिवाळीला नानकटाईचे डबे भाजायला गल्लीतल्या सगळ्या बायका कोपऱ्यावरच्या बेकरीत जात, तिथेच काका गेले. पहाटेचे पाव निघाल्यावर भट्टी उतरत जाते, ती आच त्यांना हवी होती. बेकरीवाले चाचा आधी कां-कू करत होते, पण काकांनी भट्टीत हात घालून आच जोखली ते पाहून गप्प झाले. रविवारी सकाळी काका स्टुलावर बसून भट्टीच्या तोंडाशी पहारा देत होते आणि चाचा पाव विकता विकता दर दहा मिनिटांनी "झालं काय?" म्हणून विचारत होते.

अकरा वाजता त्यांनी ती बाजू परातीत घालून घरी आणली. वरून खरपूस तांबूस झालेली, मिठाने चमकणारी. ती ओट्यावर ठेवून त्यांनी वर स्वच्छ फडकं टाकलं. "वैनी, अर्धा तास ह्येला हात लावायचा न्हाय," ते आईला म्हणाले. "निवांत बसू दे. तवर मी आंघूळ करून येतो." बंबातलं पाणी काढून ते न्हाणीत गेले. पाहुणे साडेअकराला येणार होते.

काकांनी फक्त भाकरी कर म्हणून सांगितलं होतं, तरी आईने शेगडीवर हाडांचा तांबडा रस्सा चढवलाच होता. रस्सा नसलेलं मटणाचं जेवण तिच्या लेखी जेवणच नव्हतं. फोडी काकांच्या, रस्सा माझा, असं तिने परस्पर ठरवलं होतं. रस्सा ढवळून झाल्यावर तिने सहज फडकं उचललं. खाली परातीत लालसर पाणी सुटलं होतं. तिने सुरीचं टोक आत खुपसलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो," तिने वडिलांना हाक मारली. "हे आतून कच्चं हाय."

वडील आले. त्यांनी पाहिलं. आत मांस गुलाबी होतं, काही ठिकाणी लालच. आमच्याकडे मटण हाडापासून सुटेपर्यंत शिजतं. पाहुण्याच्या ताटात कच्चा तुकडा पडला तर तो घरी जाऊन चार लोकांना सांगतो. आणि आज पाहुणे होते हेडसर आणि दोन मास्तर. खाटकाच्या घरी बोलावून कच्चं मटण घातलं, हे सोमवारी शाळेत किती वाजेपर्यंत पसरेल, याचं गणित वडिलांच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं. पण मला आणखीही एक दिसलं, आणि ते मी आज खात्रीने सांगू शकते. त्यांना भावाची फजिती नको होती. भट्टीची आच बिचाऱ्याला नीट लागली नाही, एवढ्या लोकांत त्याचं हसं होईल, असं त्यांना वाटलं.

"रश्शात टाक," ते म्हणाले. "तुकडे कर आणि टाक. वीस मिनिटांत शिजेल."

आईने विळीवर ती बाजू धरली. पाठीचं हाड विळीवर तुटेना. ती घामाघूम झाली, मांसाच्या चिंध्या व्हायला लागल्या. वडील दोन मिनिटं बघत उभे राहिले. त्यांचा हात आपोआप पुढे येत होता आणि मागे जात होता. मग त्यांनी आईला बाजूला सारलं, काका अमेरिकेहून आपल्या सुऱ्या कॅनव्हासमध्ये गुंडाळून घेऊन आले होते, त्या गुंडाळीतून एक ओढून काढली, अंगठ्यावर धार बघितली आणि कापायला सुरुवात केली.

माझ्या वडिलांनी खडूशिवाय दुसरं काही असं धरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. सुरी सांध्यात अशी जात होती की हाड लागल्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. एक बरगडी, एक तुकडा, पुन्हा बरगडी. सगळे सारखे. ते खाली बघत नव्हतेच. बोटांनी सांधा चाचपत होते आणि सुरी बोटांच्या मागून येत होती. तीस वर्षं झाली होती. एकीकडच्या बरगड्या संपल्या, आईने त्या रश्शात सोडल्या, आणि वडिलांनी परात फिरवून दुसरी बाजू समोर घेतली.

तेवढ्यात काका दारात आले. पांढरा कडक कोट, हातात उंच टोपी. भावाला दाखवायला ते तो पोशाख बॅगेत घेऊन आले होते.

रस्सा खदखदत होता. काकांनी शेगडीकडे पाहिलं, परातीतल्या उरलेल्या बाजूकडे पाहिलं, मग वडिलांच्या हाताकडे.

"कच्चं राहिलं होतं," वडील म्हणाले. "तुझी नाचक्की होऊ नये म्हणून."

"कच्चं न्हवतं, दादा. त्ये तसंच असतंय. आत गुलाबी ऱ्हायलं म्हंजे जमलं."

"मग आधी सांगायचं होतंस."

"तू इचारलंस कुठं?" काका म्हणाले. आवाज चढवून नाही, अगदी साधेपणाने म्हणाले. मग त्यांनी रश्शात पळी घालून एक तुकडा वर काढला, उलटसुलट करून बघितला. "तुझा हात हाय तसाच हाय की." आणि आत जाऊन त्यांनी कोट काढला, घडी घातली आणि साधा सदरा घालून आले. ते अजून सदऱ्याची बटणं लावत होते. मी वडिलांकडे रागाने बघितलं, पण ते सुरी धुवत होते आणि नळ बंद करायचं त्यांना सुचत नव्हतं.

पाहुणे आले. सतरंजीवर पंगत बसली. हेडसर मध्ये, दोन्ही बाजूंना दोन मास्तर, समोर वडील आणि काका. रस्सा झकास झाला होता, आणि चापा मऊ शिजल्या होत्या. मास्तरांनी दोनदा रस्सा मागून घेतला. थंडीचं झालं, परीक्षांचं झालं, मग हेडसर काकांकडे वळले.

"मॅनेजर म्हणजे तुमच्या हाताखाली किती माणसं असतात हो?"

काकांनी घास गिळला. त्यांनी शब्द दिला होता. "असत्यात की सर," ते म्हणाले, "तशी हॉटेलात लई माणसं..." आणि थांबले. आयुष्यभर प्रामाणिकपणे कष्ट केलेल्या माणसाला आपल्याच घरात खोटं बोलावं लागत होतं, आणि ते त्यांना जमत नव्हतं. ते ताटात बघायला लागले.

"हाताखाली कुणी न्हाय," वडील म्हणाले.

मी हातातलं भाकरीचं ताट घेऊन तिथेच थबकले. वडील भिंतीकडे बघून बोलत होते.

"सर, ह्यो मॅनेजर न्हाय. त्ये मी सगळ्यांना खोटं सांगितलं. ह्यो मटण कापतो. आमचा बाप कापायचा, मी कापायचो, ह्यो अजून कापतो. आत्ता तुमच्या ताटात हाय त्ये मी कापलंय."

एका मास्तरांना ठसका लागला. हेडसरांनी ताटातली चाप उचलली, ती नीट पाहिली आणि खाल्ली. "बरं," एवढंच ते म्हणाले, आणि आईकडे बघून आणखी रस्सा मागितला. मला तो माणूस त्या दिवसापासून आवडायला लागला. पण त्या वेळी माझं लक्ष वडिलांकडे होतं. त्यांचे कान लाल झाले होते. मला त्यांचा इतका अभिमान आयुष्यात पुन्हा कधी वाटला नाही.

"एक बाजू अजून तशीच हाय," वडील काकांना म्हणाले. "त्यो कोट घालून ये. आणि सरांना दाखव तू तिकडं काय करतोस त्ये."

काका उठले. त्यांनी कोट घातला, टोपीसुद्धा घातली. आमच्या ठेंगण्या दारात ती टोपी अडकली, तेव्हा सगळे हसले आणि घरातला श्वास मोकळा झाला. गाडी नव्हती, म्हणून त्यांनी एका पाटावर परात ठेवली आणि गुडघ्यांवर सरकत तो पाट पंगतीतल्या एकेकापुढे नेला. झाकण म्हणून आईचं मोठं पातेलं उपडं घातलं होतं. प्रत्येकापुढे ते पातेलं उचलायचे, वाकायचे आणि विचारायचे, "साहेब, जाड का पातळ? लई गुलाबी का कमी?" हेडसरांनी भीत भीत कडेचा भाजका तुकडा मागितला. एका मास्तरांनी हात जोडून नको म्हटलं. काका त्यांच्यावर रागावले नाहीत. त्यांनाही तेवढंच वाकून नमस्कार केला. त्यांचा हात वडिलांसारखाच चालत होता, पण काका डोळ्यांनीही बघत होते आणि मध्येच मान वर करून हसत होते. सुरीखालून काप अलगद सुटून ताटात पडत होता, आणि पाहणारे जेवायचं थांबले होते.

शेवटी पाट वडिलांपुढे आला. काकांनी पातेलं उचललं. हाडाला लागून असलेला, मधला, सगळ्यांत गुलाबी भाग उरला होता.

"दादा, तुला कसं पायजे?"

"तुझी गिऱ्हाइकं खातात तसं."

काकांनी जाड काप काढून ताटात ठेवला. त्यातून लालसर रस ताटभर पसरला. आईने पदर तोंडाला लावला. वडिलांनी घास मोडून तोंडात घातला आणि सावकाश, फार सावकाश चावला. काका टोपी सावरत गुडघ्यांवर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होते, लहानपणी दुकानात बघत असतील तसे.

"कच्चं हाय," वडील म्हणाले, आणि त्यांनी ताट पुढे केलं. "अजून एक घाल."